तुर्दुकान एजेची लाइन

तुर्दुकान एजेची लाइन पितर तोडतात, हे आमच्या जिन्यातल्या पंधराही घरांना माहीत होतं. पटलं नव्हतं ते फक्त मला. एकतीस वर्षं मी बिश्केकच्या टेलिफोन खात्यात तारा ओढल्या, जोडल्या आणि बदलल्या. तारा तोडणारे पुष्कळ पाहिले. उंदीर पाहिले, गवंडी पाहिले, दारुडे पाहिले, एकदा तर भिंतीत खुंटी ठोकताना खात्याचा मोठा साहेबच सापडला. पितर मात्र एकदाही सापडले नाहीत.

एजे आमच्या खालच्या मजल्यावर राहते. वय सहासष्ट, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणतो आणि ती मला नुसतं असानकुल. नोकरी होती तोवर बालवाडीत दोनशे पोरांचा स्वयंपाक करायची. निवृत्त झाल्यावर तिने आजीकडून शिकलेली विद्या बाहेर काढली. घेवड्याचे एकेचाळीस दाणे. त्यांचे तीन ढीग करायचे, चार-चार करून बाजूला सारायचे, उरतील ते नऊ घरांत मांडायचे. मधलं घर काळजाचं, खालची घरं पायांची, म्हणजे प्रवासाची. पूर्वी बायका तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. मग त्यातल्या निम्म्या रशियात कामाला गेल्या आणि तिथून विचारू लागल्या.

फोनच्या पडद्यावर दाणे नीट दिसत नाहीत म्हणून तिच्या मुलीने, आल्तिनायने, तिला कॉम्प्युटर घेऊन दिला. बुटक्या गोल टेबलावर मोठा पडदा, वरून खाली बघणारा कॅमेरा, समोर जमिनीवर पांढरं फडकं. भिंती काँक्रीटच्या, वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोचेना, म्हणून जिन्यातल्या खोक्यातून केबल थेट आत आणली. दाराखालून, फ्रिजच्या मागून, लोकरीच्या जाड नमद्याखालून कॉम्प्युटरपर्यंत. हे काम आल्तिनायच्या नवऱ्याने केलं होतं. तो दातांचा डॉक्टर आहे. मी तेव्हाच काही बोललो नाही, ही माझी चूक.

दोन वर्षं असं चाललं की एजे दाणे मांडायची, बोलायला लागायची, आणि नेमकं महत्त्वाच्या ठिकाणी चित्र गोठायचं. मिनिट-दोन मिनिटांनी परत यायचं, तोवर विचारणारी बाई रडून मोकळी झालेली असायची. सुरगुतच्या एका बाईने सगळ्यांना सांगितलं, तुर्दुकान आपाच्या तोंडून वाईट बातमी पितर बाहेर पडूच देत नाहीत. लाइन तुटली म्हणजे समजायचं. झालं. नुसते दाणे टाकणाऱ्या बायका प्रत्येक बाजारात दोन बसतात. लाइन तुटणारी एकच होती.

एजेला मात्र त्याचा जाच व्हायचा. ती लबाड बाई नाही. वाक्य अर्धं राहिलं की तिला ताटात अन्न टाकून उठल्यासारखं वाटतं. तिने कंपनीला फोन केले. तिकडची मुलगी दर वेळी सांगायची, बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. माणूस दोनदा येऊन गेला. तो असेपर्यंत लाइन तुटली नाही. त्याने चहा घेतला, तळलेले बोर्सोक खाल्ले, कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून सही घेतली.

मार्चमध्ये शेवटी ती वर आली.

"असानकुल, तू एवढी वर्षं खात्यात काय केलंस?"

"तारा जोडल्या, एजे."

"मग माझी एक जोड. का निवृत्त झाल्यावर हातही निवृत्त झाले?"

माझी बायको रायकान पीठ मळत होती. ती म्हणाली, "घेऊन जा याला. घरात बसून बातम्यांना शिव्या देतो. पण पितरांच्या कामात हात घालतोय, काही झालं तर माझ्याकडे आणू नका."

मी हत्यारांची पिशवी घेतली आणि खाली गेलो.

या कामाची एक रीत असते. आधी हात लावायचा नाही, आधी विचारायचं. केव्हा तुटते, किती वेळ तुटते, तेव्हा घरात काय चालू असतं. एजेला काही सांगता येईना. मी तिला एक वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर लिहून ठेवा. आठवड्याने वही बघितली. वेळ एकाही ठिकाणी लिहिलेली नव्हती.

'सोमवार. सुरगुतची सालिमा. नवऱ्याचं विचारलं. तुटली.

मंगळवार. परत सालिमा. नवऱ्याच्या पगाराचं विचारलं, नाही तुटली. नवऱ्याच्या घरमालकिणीचं विचारलं. तुटली.

गुरुवार. ओरोझबेक, ट्रकवाला. रस्त्याचं विचारलं, ठीक. वडिलांचं विचारलं. तुटली.

शुक्रवार. कोणी नाही. दिवसभर चालू. मी मालिका बघितली.'

मी वही रायकानला दाखवली ती घोडचूक. तिने ती मोठ्याने वाचून काढली, दोनदा, आणि म्हणाली, "मालिका तुटली नाही. पितरांनाही मालिका बघायची असते."

मी कामाला लागलो. जिन्यातलं खोकं उघडून त्यात माझा लॅपटॉप थेट जोडला आणि पायरीवर स्टूल टाकून तीन तास बसलो. लॅपटॉपने दर सेकंदाला कंपनीच्या यंत्राला विचारायचं, आहेस का. त्याने म्हणायचं, आहे. दहा हजारांवर वेळा विचारलं, एकदाही उत्तर चुकलं नाही. येणारेजाणारे मला बाइके, म्हणजे दादा, म्हणून विचारत होते, घरातून काढलं का. मी प्रत्येकाला सांगितलं, हो. पण एक गोष्ट पक्की झाली. खोक्यापर्यंत लाइन स्वच्छ होती. दोष खोकं आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये होता, बावीस मीटरांत.

बावीस मीटर म्हणजे माझ्या दृष्टीने काहीच नाही. मी दोन्ही टोकांच्या पिना कापून नव्या दाबल्या. दातांच्या डॉक्टरने बसवलेल्या जुन्या पिना बघून मला त्याच्या रोग्यांची दया आली. मग टेस्टर लावला. त्याच्या दोन डब्या असतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि आतल्या आठ तारा धड असतील तर आठ दिवे एकामागून एक लागतात. आठही लागले. एजेने चहा दिला, मी ऐटीत प्यालो. दुसऱ्या दिवशी सालिमाने घरमालकिणीचं विचारलं आणि लाइन तुटली.

मग माझा संशय फ्रिजवर गेला. केबल त्याच्या मागून जात होती आणि तो सुरू होताना म्हाताऱ्या उंटासारखा थरथरायचा. मी म्हटलं, एक दिवस फ्रिज बंद ठेवू. बंद ठेवला. लाइन दोनदा तुटली आणि नातेवाइकांनी गावाहून पाठवलेली घोड्याच्या मांसाची चुचुक नरम पडली. एजेने ती उकडून माझ्यापुढे ठेवली.

"खा. तूच फ्रिज बंद केलास."

"एजे, एवढी?"

"एवढी."

मी खाल्ली. दोन दिवस मला दुसरं काही खाववलं नाही.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझा विश्वास थोडा हलला. वहीत एव्हाना तुटल्याच्या तेरा नोंदी झाल्या होत्या, आणि तेराही वेळा दाणे वाईट पडले होते. चांगल्या दाण्यांवर लाइन एकदाही तुटली नव्हती. एकतीस वर्षांत असा दोष मी पाहिला नव्हता. केबलला बातमी चांगली की वाईट हे कळतं कसं? अंथरुणात पडून मी हाच विचार करत होतो. रायकान भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एखादा नान वाटून टाका पितरांच्या नावाने. फुकट जात नाही."

मी नान वाटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन एजेला म्हटलं, आज तुम्ही दाणे टाकाल तेव्हा मी खोलीत बसणार.

"परका पुरुष खोलीत असला तर दाणे लाजतात."

"मी कॉम्प्युटरच्या मागे बसतो. त्यांना दिसणार नाही."

केबल कॉम्प्युटरला जिथे लागते तिथे एक बारका हिरवा दिवा असतो. तार धड आहे तोवर तो जळतो. मी ठरवलं, दाण्यांकडे बघायचं नाही, सालिमाकडे बघायचं नाही, दिव्याकडे बघायचं. आणि तो विझला की त्याच क्षणी डोकं वर करून खोलीत काय हललं ते बघायचं. मी टेबलामागे मांडी घालून बसलो. एजे नमद्यावर गादी टाकून बसली, उजवा पाय दुमडून, गुडघा वर. कॉल लागला.

सालिमाने हवापाणी विचारलं, मग मुलाच्या शाळेचं विचारलं. दाणे चांगले पडले. दिवा जळत होता. मग तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आपा, आता ते दुसरं बघा."

एजेने दाणे गोळा केले, ढीग केले, मांडले. मग "हं" म्हणून पुढे वाकली आणि दिवा विझला.

मी डोकं वर केलं. खोलीत एकच गोष्ट हलली होती. वाईट दाणे जवळून बघायला एजे पुढे वाकली होती, आणि वाकताना तिने उजवा गुडघा नमद्यावर टेकवला होता. एजेचं वजन मी इथे लिहीत नाही. चाळीस वर्षं बालवाडीचा स्वयंपाक चाखला आहे, एवढंच सांगतो.

"एजे," मी म्हटलं, "गुडघा उचला."

"काय?"

"उजवा. वर घ्या."

तिने घेतला. दिवा लागला. थोड्या वेळात पडद्यावर सालिमा परत आली, डोळे पुसत. मला तेव्हा भान राहिलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "आता गुडघा टेकवा परत. जोरात." दिवा विझला. "उचला." लागला.

नमदा उलटला तर खाली केबल होतीच, नेमकी गुडघ्याखाली. वरचं वेष्टण शाबूत, पण तिथे वाकवून बघितलं तेव्हा आतली एक तार तुटलेली होती. तुटली होती, तरी टोकाला टोक लागून होती. कोणी हात लावला नाही की धड. वजन पडलं की दोन टोकं बाजूला. चांगले दाणे एजेला लांबूनच दिसायचे. वाईट असले की ती वाकून खात्री करायची. पितरांचा प्रश्न मिटला.

सालिमाने मात्र सुरगुतहून परत कॉल केला आणि दबक्या आवाजात विचारलं, आपा, तो पुरुषाचा आवाज कोणाचा? त्याने टेकवा म्हणून सांगितलं तो कोणता गुडघा? एजेने माझ्याकडे असं बघितलं की मी हत्यारं गोळा करायला लागलो.

दुपारी मी नवी केबल ओढली. नमद्याखालून नाही, भिंतीच्या कडेकडेने, हातभर अंतरावर चिमटे ठोकून, दारावरून वळवून. पाच तास लॅपटॉपने विचारलं, आहेस का, आणि पाच तास उत्तर आलं. एजे गुडघे टेकून बसली, उठली, खोलीभर चालून बघितलं. दिवा हलला नाही. इतकं चांगलं काम मी खात्यात असतानाही क्वचित केलं असेल.

चौथ्या दिवशी एजे वर आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "जुनी परत घाल."

"काय?"

"जुनी केबल. कुठे टाकलीस?"

"कचऱ्यात. का, काय झालं? तुटते का परत?"

"तुटत नाही, तेच झालंय." ती खुर्चीवर बसली. "सालिमाने काल परत त्या घरमालकिणीचं विचारलं. दाणे वाईट. मी बोलायला लागले आणि थांबले. म्हटलं, आता तुटेल. तुटली नाही. ती बघतेय माझ्याकडे, मी बघतेय तिच्याकडे. दोन वर्षांत मी एकही वाईट वाक्य पूर्ण केलेलं नाही, असानकुल. मला त्याचा शेवट कसा करतात ते माहीतच नाही."

"मग काय केलंत?"

"सांगितलं, नवरा तुझा राहिला नाही. पाऊण तास रडली. शेवटी म्हणाली, आपा, तुमचे पितर तुम्हाला सोडून गेले."

रायकान माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "एजे, एकतीस वर्षांत मी मुद्दाम दोष कधी घातला नाही. ते काम खातं स्वतः करायचं."

"मग दुसरं कर. उद्या ओरोझबेकचा कॉल येणार आहे. तीनदा विचारलं त्याने वडिलांचं, तिन्ही वेळा तुटली. उद्या तू मागे बस. मी खोकले की काढ ती वायर बाहेर. मोडू नकोस, नुसती काढ. त्यात दोष घालणं नाही ना?"

विचार केला तर त्यात दोष घालणं नव्हतं. वायर काढणं आणि लावणं ही देखभाल आहे. शिवाय ती माझी शेजारीण होती. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी परत टेबलामागे, बोटं पिनेच्या खटक्यावर. ओरोझबेकचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. नोवोसिबिर्स्कच्या बाहेर कुठेतरी ट्रक उभा करून बोलत होता. आवाज जाड, सर्दी झाल्यासारखा.

"एजे, तीन वेळा इथेच तुटलं. मला माहीत आहे त्याचा अर्थ लोक काय लावतात. मी झोपू शकत नाही. काय ते सांगून टाका. वडील फोन उचलत नाहीत. हिवाळ्यापासून लावतोय."

दाणे फडक्यावर पडल्याचा आवाज आला. मग एजे खोकली.

मी खटका दाबला. पिन निम्मी बाहेर आली असेल. ओरोझबेक म्हणाला, "एजे, आहात ना?" अगदी लहान पोरासारखं म्हणाला, तेवढा मोठा ट्रकवाला. जिन्यात तीन तास मी ज्या यंत्राला विचारत बसलो होतो, आहेस का, त्याने तरी उत्तर दिलं होतं.

एजे परत खोकली. तिसऱ्यांदा खोकली ती तर क्षयरोग्यासारखी. मी पिन आत सरकवली आणि हात मांडीवर ठेवला.

"आहे," एजे शेवटी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "दाणे वाईट आहेत, बाळा. तिन्ही वेळा वाईट होते. पायाच्या घरात वाईट आहेत. त्याहून जास्त मला माहीत नाही. माणूस आहे की गेला हे दाणे सांगत नाहीत, ओश बाजारातून आणलेला घेवडा आहे तो. तुझं गाव कुठलं?"

"अत-बाशीच्या वर."

"शेजारी कोणी नाही?"

"कुरणावर एकटे राहतात. गेल्या शरदात आमचं भांडण झालं. ट्रक घेतला म्हणून. घोडे विकून घेतला."

"मग तू मला काय विचारतोस? मी बिश्केकला, तू सायबेरियात, आणि म्हातारा कुरणावर. आपल्या तिघांत रस्ता कोणाकडे आहे? ट्रक तुझ्याकडे आहे. जा."

तो "बरं" म्हणाला आणि त्याने स्वतःच कॉल बंद केला.

एजे उठली, माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. मी पिशवी उचलून वर आलो. नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जिन्यात भेटली की रायकानला विचारायची, तुमच्याकडचा तो माणूस बरा आहे ना.

ओरोझबेक मे महिन्यात आला. आधी सांगितलं नव्हतं. एका हातात बकऱ्याची तंगडी, दुसऱ्यात लोण्याचा डबा, दोन्ही हात फोडांनी भरलेले. एजेने मलाही बोलावलं, रायकानमार्फत. वडील जिवंत होते. फेब्रुवारीत घोड्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, शेजारच्या कुरणावरच्या लोकांनी गावात आणून झोपवलं होतं, आणि फोन उचलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पोराशी भांडण झालं त्याच दिवशी त्यांनी तो विहिरीत टाकला होता.

"मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय, माहितीये?" तो म्हणाला. "ट्रक आणलास तर गवत भर. सहा आठवडे गवत, कुंपण, शेण. एक दिवस सुट्टी नाही. बसल्या जागेवरून काठीने दाखवायचे, हे कर, ते कर."

"मग पळून आलास?" एजेने विचारलं.

"तंगडी द्यायला आलो. परवा परत जातोय. मेंढ्या वर न्यायच्यात, आणि त्यांना घोड्यावर बसता येत नाही. येईपर्यंत मीच आहे." त्याने माझ्याकडे बघितलं. "एजे, हे बाइके कोण?"

"शेजारी," एजे म्हणाली. "वायरी बघतो. कानाने कमी आहे."

त्यानंतर एजे सगळी वाक्यं पूर्ण करू लागली. विचारणारे निम्म्यावर आले. सालिमा कांत गावातल्या एका बाईकडे जाऊ लागली. तिथे लाइन तासाला दोनदा तुटते म्हणे. जे राहिले ते मात्र तासतासभर बोलतात, आणि सगळंच दाण्यांबद्दल असतं असं नाही. मी खालून जाताना दारातून ऐकू येतं. परवा ती कोणाला तरी सासूला कसं उत्तर द्यायचं ते पढवत होती.

तंगडी देऊन ओरोझबेक गेला त्या दिवशी मागे आम्ही दोघंच होतो. एजेने विचारलं, "तुला खोकला ऐकू आला होता ना?"

"आला होता."

"तिन्ही?"

"तिन्ही. मला वाटलं, सर्दी."

तिने माझा पेला घेतला आणि काठोकाठ चहा भरून पुढे ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला चहा थोडा-थोडा देतात, म्हणजे तो बसून राहतो. पेला काठोकाठ भरला की समजायचं, आता उठा. मी तो सावकाश संपवला, आभार मानले आणि पेला परत तिच्यापुढे सरकवला. तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग अर्धाच भरला.